शॅमेलिऑनला कॅल्शियम रोज द्यायचं का? आणि डी-थ्री जीवनसत्त्वाचं नेमकं काय करायचं?

पानाआड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सात महिन्यांचा व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आहे. नर, नाव मिरच्या. दोन महिन्यांचा होता तेव्हा आणला आणि त्या दिवसापासून एकदाही कॅल्शियम पावडर चुकवलेली नाही. रातकिडे डब्यात घ्यायचे, वर चिमूटभर पावडर, डबा हलवायचा आणि पिंजऱ्यात सोडायचे. हा नेम सुट्टीच्या दिवशीही मोडला नाही.

तरी गेल्या तीन आठवड्यांपासून त्याची जीभ नीट जात नाहीये. आधी चांगल्या वीतभर अंतरावरून किडा टिपायचा. आता सरकत सरकत चार बोटांवर येतो, दोन्ही डोळे किड्यावर रोखतो, तोंड उघडतो आणि जीभ जेमतेम ओठाबाहेर येऊन परत आत जाते. परवा रातकिडा तसाच डहाळीवर मिशा हलवत बसून राहिला आणि हा तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. मला बघवेना.

डब्यावर 'डी-थ्रीसह' असं लिहिलंय. एक जण म्हणतो, रोज साधं कॅल्शियमच हवं. दुसरा म्हणतो, डी-थ्री नसेल तर कॅल्शियम म्हणजे नुसता खडू. तिसरा म्हणतो, डी-थ्री रोज दिलं तर मूत्रपिंडं जातील. यातलं खरं काय? दिवा आहे, यूव्हीबीची, म्हणजे अतिनील प्रकाशाची लांब ट्यूब आहे, रोज 12 तास चालू असते.

चिकटजीभ

पावडरचं नंतर बघू. आधी डॉक्टर गाठा, सरपटणारे प्राणी तपासणारे. तीन आठवडे जीभ जात नाही म्हणजे थांबण्यासारखं काही उरलेलं नाही.

सरीसृपवैद्य

वरच्या प्रतिसादाशी सहमत. जीभेचं काय होतं ते सांगते, म्हणजे घाई कशाची ते कळेल.

शॅमेलिऑनच्या जिभेच्या आत एक निमुळतं हाड असतं आणि त्याभोवती नळीसारखा स्नायू. हा स्नायू आवळला की मधल्या लवचिक आवरणात ताण साठतो आणि जीभ त्या हाडावरून सटकन सुटते, गलोलीतून दगड सुटावा तशी. स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडायला लागलं की हा नाजूक खेळ फार लवकर बिघडतो. म्हणून जीभ 'छोटी होणं' हे बऱ्याचदा पहिल्या लक्षणांपैकी एक असतं. पकड सैल होणं, बोटं थरथरणं, चालताना पोट फांदीला घासणं, पुढच्या पायांना बाक येणं, खालचा जबडा रबरासारखा लवणं, ही पुढची.

माणसाच्या पोरांना मुडदूस होतो त्याच घराण्यातला हा आजार. शरीर हुशार असतं, रक्तातलं कॅल्शियम काहीही करून टिकवायला बघतं. खाण्यातून मिळेना की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढायला लावते. म्हणजे बाहेरून प्राणी धडधाकट दिसत असतो आणि आत तिजोरी रिकामी होत असते.

जीभ न जाण्याला इतर कारणंही असतात: जखम, तोंडातला संसर्ग, पाण्याची कमतरता. त्यामुळे तपासणी आणि एक्स-रे हवाच. तोवर उंच फांद्या काढून टाका, पडला तर हाड मोडू शकतं. त्याला हाताने घट्ट धरू नका. फांदीवरून हातावर स्वतः चालत येऊ द्या.

पानाआड, काही प्रश्न. ट्यूब आणि मिरच्या यांच्यामध्ये काय काय आहे? ट्यूब किती जुनी? रातकिडे स्वतः काय खातात? आणि पावडर लावल्यापासून मिरच्याच्या तोंडात जाईपर्यंत किती वेळ जातो?

हिरवीफांदी

मी चौदा वर्षं व्हेल्ड आणि पँथर या जातींचे शॅमेलिऑन पाळतोय. माझा साधा हिशोब असा. फॉस्फरस नसलेलं आणि डी-थ्री नसलेलं साधं कॅल्शियम कार्बोनेट जवळजवळ प्रत्येक खाण्याला, अगदी हलकं. डी-थ्री असलेलं महिन्यातून दोनदा. जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदा, वेगळ्या दिवशी. वाढत्या पिल्लांना रोज खाणं आणि रोज हलकी पावडर. मोठे एक दिवसाआड खातात, त्यामुळे पावडरही आपोआप कमी होते.

साध्या कॅल्शियमची मला भीती वाटत नाही, डी-थ्रीची वाटते. जास्तीचं कॅल्शियम आतड्यातून बरंचसं तसंच बाहेर पडतं. डी-थ्री मात्र चरबीत साठून राहतं. त्यामुळे मोजायचं ते डी-थ्री.

तीनशिंगं

हिरवीफांदी, तुमचा हिशोब व्हेल्डला ठीक आहे. पण इथे वाचणाऱ्याने तो डोळे झाकून सगळ्या जातींना लावू नये म्हणून लिहितोय.

माझ्याकडे जॅक्सन जातीचे शॅमेलिऑन आहेत. पूर्व आफ्रिकेच्या थंड डोंगराळ भागातला प्राणी, अंडी न घालता पिल्लं देणारा. पहिल्या नराला मी व्हेल्डचंच वेळापत्रक लावलं, वर डी-थ्री जरा सढळ हाताने. चार महिन्यांत त्याचा गळा आणि मानेच्या बाजू पाण्याने भरल्यासारख्या सुजल्या. बोट लावलं तर थुलथुलीत, मऊ. डॉक्टरांनी सगळ्या पावडरी थांबवायला लावल्या. सूज उतरायला दीड महिना लागला. आता जॅक्सनला साधं कॅल्शियम आठवड्यातून एक-दोनदा, डी-थ्री आणि जीवनसत्त्वं महिन्यातून एकदा, आणि तीही किड्यावर जेमतेम दिसेल इतकीच.

गोलगरगर

माझी शॅमेलिऑन मादी, मँगो, जेव्हा पावडर लावलेला रातकिडा बघते तेव्हा तिचा एक डोळा किड्यावर असतो आणि एक माझ्यावर. 'हे पांढरं काय फासलंयस' असा सरळ जाब असतो त्या डोळ्यात. :)

गंमत सोडा, पण यात एक मुद्दा आहे. खूप लोक किडा पिठात लोळवल्यासारखा पांढराफटक करतात. शॅमेलिऑनला तो किडा ओळखू येत नाही, चव आवडत नाही, तोंड उघडून टाकतो आणि मग खाणंच सोडतो. शिवाय भुकटी डोळ्यांच्या बुबुळाभोवती चिकटते. डबा एकदा गोल फिरवा, दुसऱ्या डब्यात किडे ओता, खाली उरलेली पावडर ओतू नका. किड्याचा रंग पावडरीतून दिसला पाहिजे. बस्स.

उन्हात_बसा

मला पूर्ण वेगळं म्हणायचंय. डी-थ्री डब्यातून द्यायचंच कशाला? कातडीत तयार होतं ते. यूव्हीबी, म्हणजे साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचा प्रकाश कातडीवर पडला की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थापासून आधी प्री-डी-थ्री बनतं, मग शरीराच्या उबेने त्याचं डी-थ्री होतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. या वाटेने कितीही ऊन घेतलं तरी विषबाधा होत नाही, कारण जास्तीचं डी-थ्री त्याच उजेडात मोडतं. डब्यातल्या डी-थ्रीला असा लगाम नाही. माझे दोन्ही पँथर रोज सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात खऱ्या उन्हात असतात. पावडर फक्त साधी.

आकडेमोड

उन्हात_बसा यांचं तत्त्व बरोबर आहे आणि त्याला चांगला आधारही आहे. 2003 मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांचा पँथर शॅमेलिऑनवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना खाण्यातून डी-थ्री कमी मिळत होतं ते प्राणी यूव्हीबीखाली जास्त वेळ बसत होते, ज्यांना पुरेसं मिळत होतं ते कमी. म्हणजे प्राणी स्वतःची गरज ओळखून उजेडाखाली जातो किंवा सावलीत सरकतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ माझ्या मादीकडे बघत बसलो होतो, कधी उजेडात येते, कधी पानांत शिरते ते.

मात्र त्याला तशी निवड करता आली पाहिजे. एका टोकाला चांगला यूव्हीबी आणि दुसरीकडे दाट सावली. बसायच्या जागी यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) 3च्या आसपास असावा असं व्हेल्ड आणि पँथरबद्दल सर्वसाधारणपणे मानतात. आणि ज्यांना रोज खरं ऊन देणं जमत नाही त्यांना महिन्यातून दोनदा डी-थ्री हा सुरक्षित टेकू आहे, तो काढायला मी सांगणार नाही.

आता मुळात पावडर का लागते? रातकिड्यात कॅल्शियमच्या सात-आठ पट फॉस्फरस असतो, कधी त्याहूनही जास्त. आपल्याला हवं उलटं, फॉस्फरसच्या निदान दीडपट आणि जमल्यास दुप्पट कॅल्शियम. झुरळं, मीलवर्म, टोळ, सगळ्यांचं रडगाणं थोड्याफार फरकाने हेच. अपवाद ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांचा, त्यांच्या कातीतच कॅल्शियम साठलेलं असतं. त्यांना पावडर लावायची गरज नाही.

अबोलमैना

किड्यांच्या खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही! किडा म्हणजे पाकीट. पाकिटावर पावडर लावली आणि आत काहीच नाही, तर काय उपयोग? द्यायच्या आधी 24 ते 48 तास त्यांना मोहरीचा पाला, लसूणघास, गाजर, पपई असं खायला घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

हिरवीफांदी

अबोलमैना, हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. +१.

नवशिका_सरडा

समुद्रफेस कुटून चालेल का? आणि माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या?

आकडेमोड

समुद्रफेस म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. वस्त्रगाळ केला, स्वच्छ आणि खारटपणा गेलेला असला तर अडीअडचणीला चालतो, पण किड्याला चिकटत नाही नीट. माणसांच्या गोळ्या नकोत. बहुतेकांत डी-थ्री असतं, तेही माणसाच्या वजनाच्या हिशोबाने. आपला प्राणी शे-दीडशे ग्रॅमचा. हाडांची भुकटीही नको, तिच्यात फॉस्फरस येतो.

सखी

धागा वाचतेय आणि लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

मादी पाळणाऱ्यांनी हे वाचा. माझी व्हेल्ड मादी होती, तुळस. नराचं तोंडही तिने कधी पाहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं की व्हेल्ड माद्या नराशिवायही अंडी धरतात, पाच-सहा महिन्यांच्या वयापासूनसुद्धा. आणि एका वेळी 20 ते 70 अंडी! त्या सगळ्या कवचांचं कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं. ती खूप खायची, मला वाटायचं छान वाढतेय. मी खाऊ घालत राहिले. हीच चूक. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडीही जास्त धरतात.

एक दिवस ती पिंजऱ्याच्या तळाशी फिरायला लागली. कोपरे उकरायची, परत वर जायची, परत खाली. तळाला नुसता कागद होता. तिला खणायला माती हवी होती आणि मी कागद रोज स्वच्छ बदलत होते. चौथ्या दिवशी ती तळालाच डोळे मिटून बसली. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटणं म्हणजे काय ते आता कळतं मला. अंडी अडली होती. पोटात ढकलायचे स्नायूही कॅल्शियमवरच चालतात, आणि तिच्याकडे ते उरलं नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, पण ती उठली नाही.

आता जी आहे तिच्या पिंजऱ्यात ओलसर वाळूची टोपली कायम असते, 25-30 सेंटीमीटर खोल, बोटाने बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली. खाणं मोजून. दिव्याखालची ऊब थोडी कमी. साधं कॅल्शियम नेमाने. तिने दोनदा अंडी दिली, दोन्ही वेळा स्वतः खणून, स्वतः बुजवून, मातीने माखून वर आली आणि अर्धा तास पाणी पीत राहिली.

गोलगरगर

सखी, लिहिलंस ते फार बरं केलंस. मँगोसाठी वाळूची टोपली आजच करते. मला वाटत होतं नर नाही म्हणजे प्रश्न नाही.

चिकटजीभ

सखी, तुळशीबद्दल वाईट वाटलं. ही माहिती मादी घेण्याआधीच प्रत्येकाला मिळायला हवी.

पानाआड

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. सरीसृपवैद्य, तुमच्या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसले आणि लिहिता लिहिताच पोटात गोळा आला.

ट्यूब पाच महिन्यांची, मिरच्याबरोबरच आणलेली. पण ओलावा टिकावा म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी वरच्या जाळीवर ॲक्रिलिकचा पारदर्शक तुकडा टाकला. ट्यूब त्याच्या वर आहे. उजेड लख्ख येतो, म्हणून शंकाच आली नाही.

रातकिडे कोंडा आणि बटाट्यावर आहेत, विकत घेताना तसंच सांगितलं होतं.

आणि वेळ. सकाळी सातला कामावर निघताना पावडर लावून सोडते. दिवे साडेसातला लागतात. तो आधी अंग शेकत बसतो, मग खातो. म्हणजे निदान दोन-तीन तास.

आज सुट्टी होती म्हणून मुद्दाम बघितलं. पावडर लावलेला एक रातकिडा काचेच्या बरणीत ठेवला. तो मिशा तोंडातून ओढून पुसत होता, मग पाय, मग परत मिशा. एका तासात जवळजवळ काळा झाला. पावडर सगळी बरणीच्या तळाला. पाच महिने मी हेच करत होते.

आकडेमोड

ॲक्रिलिक! साध्या काचेसारखंच साधं ॲक्रिलिकही यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवतं. डोळ्याला दिसणारा उजेड जातो म्हणून फसायला होतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचंही तेच. बारीक जाळीसुद्धा तिच्या विणीनुसार बराच भाग कापते, म्हणून अंतर ठरवताना जाळी धरून ठरवायचं.

सरीसृपवैद्य

पानाआड, तुकडा आजच काढा. ओलाव्यासाठी फवारणी वाढवा आणि पिंजऱ्याच्या तीन बाजू झाका, वरची बाजू मोकळी ठेवा. ट्यूब पाच महिन्यांची असेल तर सध्या ठीक. पण साधारण सहा महिने ते वर्षभरात यूव्हीबी घटत जातो, दिसणारा उजेड तसाच राहतो. तारीख ट्यूबवरच लिहून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते: आता घाबरून डी-थ्रीचा मारा करू नका. कमतरता आणि अतिरेक दोन्हीत प्राणी मलूल होतो, खाणं सोडतो. अतिरेकात कॅल्शियम रक्तात वाढून मूत्रपिंडात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठतं, आणि ते काढता येत नाही. काय आहे ते एक्स-रे आणि रक्त तपासल्यावरच ठरेल. इंजेक्शन घरी कोणी सांगितलं तरी देऊ नका.

उन्हात_बसा

तुकडा काढल्यावर पहिले काही दिवस त्याला ट्यूबपासून थोडं लांब, सावलीची जागा भरपूर ठेवा. दोन महिन्यांनी एकदम यूव्हीबी मिळणार आहे त्याला.

तीनशिंगं

आणि पाणी विसरू नका. पावडर वाढली की पाणीही वाढायला हवं. पानांवरचे थेंब चाटून पितात, वाटीतलं साचलेलं पाणी बहुतेकांना दिसतच नाही. सकाळी फवारणी जरा जास्त वेळ करा.

पानाआड

काल जाऊन आलो. एक्स-रेमध्ये हाडांची बाहेरची भिंत पातळ दिसते, कुठेही मोडलेलं नाही. पुढच्या डाव्या पायाला किंचित बाक आहे, तो तसाच राहील म्हणाल्या. रक्तातलं कॅल्शियम कमी. तोंडाने द्यायचं पातळ कॅल्शियम दिलंय, मात्रा वजन करून ठरवली: 92 ग्रॅम. डी-थ्री महिन्यातून दोनदाच, बाकी काम ट्यूबवर सोडायचं. रोज चिमट्याने समोर धरून भरवायचं, म्हणजे पावडर लावल्याबरोबर किडा तोंडात जाईल. रातकिड्यांना आता मोहरीचा पाला आणि गाजर. त्यांनी गाजराचा तुकडा रात्रीत पोखरून टाकला.

हिरवीफांदी

वेळेवर गेलात. हाडं भरायला महिने लागतात, जीभ त्याआधी सुधारेल अशी आशा ठेवा. दर आठवड्याला वजन लिहा.

पानाआड

सात आठवड्यांनी परत आले, कारण असे धागे अर्ध्यावर सुटतात आणि पुढे काय झालं ते वाचणाऱ्याला कळत नाही. मलाही शोधताना हाच त्रास झाला होता.

मिरच्या 109 ग्रॅमचा झालाय. पकड घट्ट आहे, बोटावरून उतरवताना एकेक बोट सोडवावं लागतं. थरथर गेली. डॉक्टरांनी पातळ कॅल्शियम थांबवलं, आता फक्त साधी पावडर, आणि मीच समोर उभी राहून भरवते. कामावर निघायची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली, दिवे अर्धा तास आधी लागतात. डावा पाय वाकडाच आहे.

जिभेचं सांगायचं राहिलं. मी पट्टी घेऊन मोजत असते. तिसऱ्या आठवड्यात चार बोटं, पाचव्यात सहा. आज सकाळी पुढच्या फांदीवर रातकिडा सोडला आणि मागे सरकले. त्याने दोन्ही डोळे पुढे वळवले, मान जरा खाली केली, आणि मला जीभ दिसलीच नाही. फक्त फांदी हलली आणि किडा नव्हता. पट्टी लावली, वीतभराला एक बोट कमी.

गोलगरगर

मिरच्या!!! आज मँगोला हा धागा वाचून दाखवते.

सखी

पानाआड, परत येऊन लिहिलंत म्हणून आभार. राहिलेलं एक बोट भरलं की नक्की सांगा.